पानाच्या तळाची बारीक ओळ



आज बोलायचंय ते आपल्या पोरांच्या हातातल्या मोबाईलविषयी. हा विषय काढला की गटाच्या बैठकीत लगेच आवाज येतो, “काढूनच घ्यावा ओ तो मोबाईल!” राग खरा आहे. पण करोनाच्या वर्षांत शाळाच मोबाईलवर आली, अभ्यासाचे ग्रुप आजही त्यावर चालतात, आणि आपलं बँकेचं, गॅसचं, योजनेचं काम आपण त्याच पोरांना करायला सांगतो. तेव्हा काढून घेणं काही होणार नाही. मग शिकवायचं काय आणि कसं, एवढंच आज बघू.

सुरुवात आपल्या कोल्हापूरपासून करू.

७ जून २०२३, बुधवार. बऱ्याच जणींना तो दिवस आठवत असेल. आदल्या दिवशी शिवराज्याभिषेक दिन होता आणि त्या सुमाराला काही तरुणांनी मोबाईलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवली. बातमी गावभर झाली, काही संघटनांनी बंद पुकारला. बुधवारी छत्रपती शिवाजी महाराज चौकात मोठा जमाव जमला. पुढे दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद करावं लागलं. नेट बंद म्हणजे भाजीवाल्या मावशीचा क्यूआर कोड बंद, पोरीचा परीक्षेचा फॉर्म अडकलेला, परगावच्या लेकीचा व्हिडिओ कॉल बंद. ज्यांनी काही ठेवलं नव्हतं, काही फेकलं नव्हतं, त्यांच्या दुकानांची शटरंही खालीच राहिली.

त्यात कोण बरोबर, कोण चूक हा आजचा विषय नाही. ते पोलीस आणि न्यायालय बघतील. आईच्या जागेवरून आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. स्टेटस ठेवायला अर्धं मिनिट लागतं. चोवीस तासांनी ते आपोआप निघूनही जातं. पण पोलीस ठाण्यात झालेली नोंद अशी निघून जात नाही. आणि ते अर्धं मिनिट चाललेलं असताना पोराला वाटत नसतं की आपण काही छापतोय. त्याला वाटतं, आपण नुसतं बोट फिरवतोय.

शिकवायचं आहे ते इथेच.

वर्तमानपत्राच्या तळाशी काय असतं?

आम्ही काही जणी आसपासच्या गावांतल्या शाळांत जाऊन आठवी-नववीच्या मुलांशी तासभर बोलतो. आमच्यात कुणी तज्ज्ञ नाही. एक अंगणवाडी सेविका आहे, दोघी बचत गटाच्या सीआरपी आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत. जाताना आम्ही शिळ्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन जातो.

पहिला प्रश्न असतो, “तुमच्यापैकी कुणी कधी बातमी छापलीय का?” पोरं हसतात. एकही हात वर येत नाही. मग विचारतो, “कालपासून कुणी काही पुढं पाठवलं? स्टेटस ठेवलं?” लाजत लाजत सगळ्या वर्गाचे हात वर येतात. घरी फोन नसलेल्यांचेही येतात, कारण मामाचा किंवा काकाचा फोन असतोच.

मग वर्तमानपत्रं वाटतो आणि सांगतो, शेवटच्या पानाच्या अगदी तळाला बघा. बारीक अक्षरात एक ओळ सापडते का? शोधायला वेळ लागतो. चष्मा असलेल्याला आधी सापडते, हा आमचा अनुभव! त्या ओळीत हे वर्तमानपत्र कुणी छापलं, कुणी प्रसिद्ध केलं, संपादक कोण, पत्ता काय, हे लिहिलेलं असतं. इंग्रजांनी १८६७ साली कायदा केला तेव्हापासून आपल्याकडे छापील कागदावर असं नाव द्यावं लागतं. इंग्रजांचा हेतू आपल्या लोकांवर नजर ठेवण्याचा होता. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या ओळीचा उपयोग मोठा आहे. उद्या बातमी खोटी निघाली तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं ते कळतं. आपलं नाव खाली आहे म्हटल्यावर छापणाराही दोनदा विचार करतो. वर्तमानपत्रं चुकत नाहीत असं नाही. पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला लावता येतो.

मग आम्ही विचारतो, “व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपाच्या तळाला काय असतं?”

एका शाळेत मागच्या बाकावरून उत्तर आलं, “जास्तीत जास्त शेअर करा, असं असतं.”

सगळा वर्ग हसला. पण त्या पोराने आमचं अर्धं काम करून टाकलं. जिथे नाव पाहिजे, तिथे हुकूम असतो.

याच शाळेत दुसरा एक मुलगा म्हणाला, “पण ताई, मी कुठं काय लिहिलं? मी नुसतं पुढं ढकललं.” ही समजूत सगळ्यांचीच असते, मोठ्यांचीसुद्धा. आम्ही त्याला म्हटलं, “समज, विहिरीत कुणी घाण टाकली. तू नाही टाकलीस. पण त्याच विहिरीतून घागर भरून घरोघर पाणी वाटलंस, तर पोरं आजारी पडल्यावर लोक कुणाला विचारतील?” तो गप्प बसला. मग म्हणाला, “मी वास घेऊन बघीन की आधी.”

बरोबर. वास घेऊन बघायचं म्हणजे काय करायचं, ते आता सांगतो.

तीन प्रश्न

पोरांना आम्ही तीनच प्रश्न पाठ करायला सांगतो. कुणी सांगितलं? कधीचं आहे? आणखी कुठं आहे?

आपल्याकडचं पुराचं उदाहरण घेऊ. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा फुगली की मोबाईलवर निरोपांचाही पूर येतो. “राधानगरीचे दरवाजे उघडले, रात्रीतून गाव बुडणार, सगळ्यांना कळवा.” सोबत पाण्याच्या लोंढ्याचा व्हिडिओ. म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात, गोठ्यातली जनावरं सोडायची का नाही कळत नाही.

पहिला प्रश्न, कुणी सांगितलं? नाव नाही. “एका साहेबांनी सांगितलं” हे नाव नव्हे. तहसीलदार, तलाठी, ग्रामपंचायत, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, पाटबंधारे खातं यांपैकी कुणी सांगितलंय का?

दुसरा प्रश्न, कधीचं आहे? व्हिडिओत पाणी आहे, पण तारीख नाही. २०१९ च्या ऑगस्टमधले आणि २०२१ च्या जुलैमधले महापुराचे व्हिडिओ लोकांच्या मोबाईलमध्ये आजही आहेत. पाण्यावर साल लिहिलेलं नसतं. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आला होता ते पोरांना अर्ध्या मिनिटात शोधता येतं. आम्ही वर्गात हे करून दाखवतो, आणि पोरं आमच्यापेक्षा भराभर करतात.

तिसरा प्रश्न, आणखी कुठं आहे? खरी मोठी बातमी एकाच ग्रुपवर राहत नाही. आकाशवाणीवर येते, वर्तमानपत्रात येते, प्रशासन सांगतं.

यासाठी थोडी माहितीही पाहिजे, नुसता संशय उपयोगाचा नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे दरवाजा उघडणं ही दर पावसाळ्यातली गोष्ट आहे, धरण फुटणं नव्हे. गावाला धोका आहे का, हे बघायचं असेल तर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. हे आकडे ज्या पोराला पाठ आहेत, त्याला कुणी घाबरवू शकत नाही. उलट खरा इशारा आला की तोच आधी आजीला उठवतो. तपासून बघायला शिकवायचं ते यासाठीही. सगळंच खोटं म्हणणारं पोर खऱ्या पुरातही घरात झोपून राहील.

आता एक वाईट आठवण सांगतो, कारण ती विसरून चालणार नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागत आले होते. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून सगळीकडे पसरले होते. लोकांना संशय आला. पाचही जणांना मारत मारत मारून टाकलं. ती माणसं दरवर्षी गावोगाव फिरून पोट भरणारी होती.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक असा होता की मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. बघून कुठल्याही आईच्या पोटात गोळा यावा. तो मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला जाहिरातीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा संदेश येतो. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला. खोटं काही जोडलं नाही, फक्त शेवट कापला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना पाठवण्याची मर्यादा आणली. पुढे खूपदा फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसायला लागले. दोन बाण दिसले की समजायचं, हा निरोप पाठवणाऱ्याला स्वतःलाही कुठून आला ते माहीत नाही. वाचता येत नसलं तरी दोन बाण ओळखता येतात. आमच्या गटातल्या एका आजी नातवाला म्हणतात, “दोन बाणाचं काही मला दाखवू नको.”

डोळ्याला दिसतं ते खरंच असतं का?

“पण व्हिडिओ आहे की!” असं पोरं म्हणतात. त्यांना आम्ही आपल्याच गावची गोष्ट सांगतो.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली आला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब होता की तो भाग कापायला लागला. चित्रपट मुका, रंग नाहीत, तरी बघणाऱ्याला खरं वाटलं. ही करामत शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात, हाताने बनवलेल्या यंत्रावर झाली. आज तर कृत्रिम बुद्धिमत्ता, ज्याला पोरं ‘एआय’ म्हणतात, ती कुणाचाही चेहरा कुणाच्याही अंगावर बसवते. माणसाच्या थोड्याशा आवाजावरून त्याच आवाजात हवं ते बोलून दाखवते. तेव्हा व्हिडिओ आहे म्हणजे घडलंच, असं राहिलेलं नाही. नात्यातल्या कुणाच्या आवाजात “लगेच पैसे पाठव” असा फोन आला तरी ठेवून द्यायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण उलटा फोन करून खात्री करायची. योजनेच्या नावाने लिंक आली तरी तसंच. लाडकी बहीण असो नाहीतर पीकविमा, पोरांना सांगायचं की पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघ, नाहीतर सरळ अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत विचारून ये.

पोरं बनवतात तेव्हा

आतापर्यंत आलेल्या निरोपाचं बोललो. पण आजची पोरं नुसती बघत नाहीत, बनवतात. रील बनवतात, गाणं लावतात, गावच्या यात्रेचं, बैलगाडीचं, ऊसतोडीचं चित्रण टाकतात. हे वाईट नाही. कोल्हापूरला तर कलापूरच म्हणतात. हौस असू दे. पण ज्याला छापायचं आहे त्याला ती तळाची ओळही घ्यावी लागते.

एका गावातली घडलेली गोष्ट सांगतो, नावं सांगणार नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतली मुलगी नाचली. चांगली नाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या एका पोराने ते मोबाईलवर घेतलं, खालचं गाणं बदलून भलतंच गाणं लावलं आणि गंमत म्हणून टाकलं. दोन दिवसांत ते गावात फिरलं, मग मुलीच्या मामाच्या गावात पोचलं. वडिलांनी मुलीची शाळा बंद केली. चूक तिची नव्हती, शिक्षा तिला.

गटातल्या आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. पहिल्या दिवशी वडील बोललेच नाहीत. दुसऱ्या खेपेला मुलीची आई म्हणाली, “वैनी, तुम्ही म्हणताय ते पटतंय, पण गावाचं तोंड कसं धरू?” त्या पोराच्या आईलाही आम्ही भेटलो. ती रडायलाच लागली. पोराने व्हिडिओ काढून टाकला, मुलीच्या घरी येऊन तिच्या आईवडिलांसमोर माफी मागितली. तीन आठवड्यांनी मुलगी शाळेत आली. पण तो व्हिडिओ पुढेही दुसऱ्यांच्या मोबाईलवरून अधूनमधून येतच राहिला. आपण पुसलं म्हणजे सगळीकडून पुसलं जात नाही, हे त्या पोराला तेव्हा कळलं. आधी कळायला पाहिजे होतं, आणि ते सांगण्याचं काम आपलं होतं.

म्हणून बनवणाऱ्या पोरांसाठी आमचे चार नियम आहेत.

एक. ज्याचा चेहरा दिसतो त्याला आधी विचारायचं. काढण्याआधी एकदा, टाकण्याआधी पुन्हा. लहान पोर असेल तर त्याच्या आईला. म्हातारा, वेडसर, दारू प्यायलेला, पडलेला, रडणारा माणूस असेल तर काढायचंच नाही. त्याच्या जागी आपला आजोबा असता तर?

दोन. आपलं नसेल ते आपलं म्हणून टाकायचं नाही. दुसऱ्याचं चित्र, दुसऱ्याची कविता असेल तर त्याचं नाव द्यायचं आणि त्याला विचारायचं.

तीन. जात, धर्म, देवदेवता, महापुरुष यांच्यावरून कुणाला खिजवायला काही टाकायचं नाही, आणि दुसऱ्याने टाकलेलं बघून चवताळून स्क्रीनशॉटही फिरवायचा नाही. स्क्रीनशॉट फिरवला की चाळीस माणसांनी बघितलेलं चार हजार बघतात. आधी मोठ्या माणसाला सांगायचं. गरज पडली तर पोलिसांना दाखवायचं. हे पोलिसांचं काम आहे, चौकाचं नव्हे. समाजासमाजात तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, अफवा पसरवण्यासाठी कलम ३५३ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. म्हणजे सोडून देतात असं नाही.

चार. चुकलं तर तिथेच, तितक्याच मोठ्याने सांगायचं. गुपचूप पुसायचं नाही. “मी काल टाकलेलं खोटं निघालं” असं लिहायला हिंमत लागते, आणि ही हिंमत घरात चुकीबद्दल मार मिळत नसेल तरच येते.

नियमांपेक्षा पोरांना काम दिलं की जास्त कळतं. नदीकाठच्या एका शाळेत आम्ही पोरांना सांगितलं, गावातल्या पुराच्या खुणांवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. पोरं तिघा म्हाताऱ्या माणसांकडे गेली. एका आजोबांनी सांगितलं, २०१९ ला देवळाच्या भिंतीवर बारा फूट पाणी होतं. आजी म्हणाल्या, एवढं नव्हतं. पोरांची पंचाईत झाली. कुणाचं खरं धरायचं? एक मुलगी सुताराकडून टेप घेऊन आली. भिंतीवरची खूण मोजली, नऊ फूट भरली. आजोबा खोटं बोलले नव्हते, भीतीत पाणी उंच दिसतं. पोरांनी व्हिडिओत दोन्ही सांगितलं, आजोबांची आठवण काय आणि टेपवर काय आलं. आणि शेवटी, आम्ही न सांगता, बारीक अक्षरात टाकलं, हे कुणी केलं, कोणत्या तारखेला केलं, आणि काही चुकलं असेल तर कुठल्या वर्गात येऊन सांगा. तीच वर्तमानपत्राच्या तळाची ओळ.

मुलींचा मोबाईल

ही गोष्ट आपणच बोलायला पाहिजे. ‘असर’ ही ग्रामीण शिक्षणाची पाहणी दरवेळी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाईलबद्दल विचारलं होतं. देशभरात शंभरातल्या ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी तो वापरला होता आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांत त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं, त्याची तक्रार कशी करायची, हे माहीत असलेली मुलं होती साधारण ६२ टक्के. म्हणजे शंभरातली ३८ मुलं गाडी चालवतात, पण ब्रेक कुठाय ते त्यांना माहीत नाही.

फोटोवरून काही झालं की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे मुलीचा फोन काढून घेणं, नाहीतर शाळा बंद करणं. त्याचा परिणाम असा होतो की पुढच्या वेळी मुलगी सांगतच नाही. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर ती एकटी त्याला तोंड देत बसते. म्हणून आजच घरी गेल्यावर तिला एवढं सांगा, “तुझ्याकडून चूक झाली असली तरी आधी मला सांग. फोन काढून घेणार नाही.” आणि हे वाक्य पाळा.

तसं काही घडलंच, तर घाईत पुसून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ आणि टाकणाऱ्याच्या खात्याचं नाव दिसेल असा. हा पुरावा पोलिसांशिवाय दुसऱ्या कुणालाही पाठवू नका, भावकीतसुद्धा नाही. मग ब्लॉक करा आणि रिपोर्ट करा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा मदतीचा क्रमांक आहे, पैसे गेले असतील तर लगेच फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांच्या अशा फोटो-व्हिडिओंची तक्रार आपलं नाव न देताही करता येते. कुणाच्या शरीराचं खासगी चित्र परवानगीशिवाय काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, आणि ते लहान मुलाचं असेल तर शिक्षा आणखी कडक. हे मुलग्यांनाही ठणकावून सांगा. मुलींना सांभाळून राहायला सांगून काम निम्मंच होतं.

आपण काय करायचं?

“आम्हाला मोबाईल कुठं येतो?” असं तुम्ही म्हणाल. तो यायलाच पाहिजे असं नाही. आपल्याला प्रश्न विचारता येतात. भाजी घेताना, दूध घेताना, पोरीचं स्थळ बघताना आपण किती चौकशा करतो! कुणाचे कोण, कुठले, कुणी सुचवलं, आणखी कुणाला विचारलं का? हीच चौकशी मोबाईलवरच्या निरोपाची करायची.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. आठवड्यात आलेला एकच निरोप घ्या. वाचता येणाऱ्या एकीने वाचायचा, बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे. उत्तर नाही मिळालं तर “कळलं नाही, म्हणून पुढं पाठवणार नाही” असं ठरवायचं. गटाच्या ग्रुपवर हाच नियम ठेवा. ग्रुप बनवणारीला भीती वाटते की दुसरीने काही टाकलं तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. पण कायद्याने सुटलो तरी चुकीचं दिसल्यावर “ताई, हे काढा” एवढं म्हणायला काय हरकत आहे?

शाळा व्यवस्थापन समितीवर तुमच्यातली कुणी असेल तर मुख्याध्यापकांना सांगा, महिन्यातून एक तास याला द्या. शिळी वर्तमानपत्रं आपण गोळा करून देऊ. खर्च काहीच नाही.

आणि आज संध्याकाळी एक करून बघा. पोराला किंवा पोरीला जवळ बसवून घरात असेल ते वर्तमानपत्र, नाहीतर दुकानातून सामान बांधून आलेला कागद हातात द्या आणि तळाची ती ओळ शोधायला सांगा. सापडली की विचारा, “बाळा, तू काल जे स्टेटस ठेवलंस, त्याच्याखाली तुझं, माझं आणि आपल्या गावाचं नाव लिहायचं झालं, तर चालेल का?”

चालेल म्हणाला तर ठेवू दे बिनधास्त. जरा थांबला, तर समजा शिकायला सुरुवात झाली.